तळ्याच्या वाटेवरच्या बंड्या

आमच्या गल्लीच्या तोंडावर कमेटीच्या माणसाने पाटी ठोकली, तेव्हा ती मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. चार इयत्ता शिकलेली सून म्हणून एरवी मला टोमणेच मिळायचे. त्या दिवशी मात्र सासऱ्यांनी स्वतः हाक मारली. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि वाचलं: बाजाराच्या दिवशी व यात्रेत बैलगाड्या उभ्या करण्याची जागा. ठेकेदाराची चिठ्ठी घेतल्याशिवाय गाडी सोडू नये.

"कोनाच्या गल्लीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"आपल्या, मामाजी."

"मंग आपल्याले कोनी इचारलं?"

त्याचं उत्तर पाटीवर नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. आमचं गाव वाशीमपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, नावापुरतं शहर. गावाला एक कमेटी, म्हणजे नगरपालिका, होती आणि एक मोठं तळं होतं. तळ्याच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत माळ्यांची चार घरं, त्यातलं मधलं आमचं. मळा गावाबाहेर. मुळे, पालक, मेथी, सांबार, म्हणजे पुण्याकडचे कोथिंबीर म्हणतात ती, हे सगळं आदल्या संध्याकाळी उपटून आणायचं. पहाटे फटफटायच्या वेळी टोपली डोक्यावर घेऊन घाटावर जायचं, माती निघेपर्यंत धुवायचं आणि ऊन चढायच्या आत बाजारात मांडून बसायचं. धुतलेल्या, पाणी निथळत्या मुळ्याला गिऱ्हाईक आहे. मातीच्या मुळ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आमच्या घराचं सगळं दाणापाणी दारापासून घाटापर्यंतच्या त्या ऐंशी पावलांवर चालत होतं.

बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आमच्या गल्लीत पाटीच्या आधीपासून यायच्या, हे मला सुरुवातीलाच सांगून टाकलं पाहिजे. खेड्यावरचे लोक बाजाराला येत, बैलांना तळ्यावर पाणी पाजत आणि आमच्या चार घरांच्या दारात बंडी सोडत. पण त्याची एक रीत होती. जुवाखालून बैल काढायच्या आधी माणूस दारापाशी यायचा आणि विचारायचा. घरातल्या बाईने हो म्हटलं की बंडी त्या घरची पाहुणी. मग गाडीवानाला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा द्यायचाच, मग घरात तो गूळ शेवटचा असला तरी. आणि बाईने सांगितलं की आज नाही, आज आमच्याकडे लगीन आहे, बाळंतीण आहे, किंवा नुसतंच आज नाही, तर माणूस निमूट पुढच्या दारी जायचा. कोणी रागावत नसे.

माझं लग्नसुद्धा त्या रीतीतूनच जमलं. माझे वडील चार कोसांवरच्या वाडीतून बाजाराला यायचे आणि याच दारात बंडी सोडायचे. पाणी पिता पिता त्यांनी ओसरीवर बसून मुळे निवडणारा माझा नवरा पाहून ठेवला. पुढे मी या घरची सून झाले तरी वडिलांनी विचारायचं सोडलं नाही. मी हसायची. ते म्हणायचे, "पोरीचं घर झालं म्हून काय मालक झालो का मी?"

पाटी लागली आणि ती रीत एका बाजारात मोडली. गाडीवान आता ठेकेदाराची चिठ्ठी दाखवायचे, दाराकडे न बघता बैल सोडायचे आणि निघून जायचे. आदल्या दुपारपासूनच बंड्या भरायच्या. जू जुवाला अडकलेलं, चाक चाकाला घासलेलं, बैल आमच्या उंबऱ्यावर शेण टाकतायत आणि आमच्या टोपल्यांतली मेथी खातायत. पहाटे टोपली घेऊन निघावं तर पाय ठेवायला जागा नाही. गावाला वळसा घालून पलीकडच्या काठाने घाटावर जाईपर्यंत सूर्य डोक्यावर. चार बाजार आमचा माल मातीसकट परत आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा मी एका बैलाच्या शिंगाला धरून त्याला बाजूला ढकललं, तर गाडीवान म्हणाला, "बाई, हात नोका लावू. माह्याजवळ चिठ्ठी हाये."

चिठ्ठी. जणू त्या कागदावर माझं दार लिहून दिलं होतं.

सासरे कमेटीच्या कचेरीत तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा होते पण जेवत होते, तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, तळ्याजवळ जागा सोयीची आहे, बैलांना पाणी जवळ पडतं, चार घरांसाठी सगळ्या परगण्याची गैरसोय करता येणार नाही. सासरे घरी आले, पागोटं काढून खुंटीला लावलं आणि म्हणाले, "आता वाशीमचं कोर्टच दाखवतो याईले."

चारही घरांनी मिळून दावा लावला. वाशीमचे वकील हुशार होते, त्यात शंका नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्रास होतो एवढ्यावर कोर्ट हलत नाही. दावा असा लावायचा की ही गल्ली चार घरांची खाजगी वाट आहे, तुमच्या पूर्वजांनी पाडलेली, बाहेरच्या माणसाची बंडी इथे कधी आलीच नाही. सासऱ्यांनी मान डोलावली. मीही तेव्हा काही बोलले नाही. मला माझी ऐंशी पावलं परत हवी होती आणि ती कशी मिळतात याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

कोर्टाचे मुन्सफसाहेब मौका, म्हणजे प्रत्यक्ष जागा, पाहायला येणार असं ठरलं. तेही नेमक्या बाजाराच्या दिवशी. वकिलांनी बजावून ठेवलं होतं, काही आवरू नका, बंड्या जशा असतील तशा राहू द्या, साहेबांना अडचण डोळ्यांनी दिसू द्या. सासरे ते ऐकून आले, पण घरात नीट सांगितलं नाही. बायांना काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं. सासूबाईंना एवढंच कळलं की वाशीमहून मोठे साहेब आपल्या दारी येणार.

मी त्या सकाळी मळ्यात होते. परत आले तर गल्ली ओळखू येईना. सासूबाईंनी चारही घरच्या बाया कामाला लावल्या होत्या. शेण उचललं होतं, सडा घातला होता, प्रत्येक दारापुढे रांगोळी. एवढंच नव्हे, दोन महिने ज्या गाडीवानांना त्यांनी शिव्याशिवाय काही दिलं नव्हतं, त्यांना गूळ-पाणी देऊन, दादा-बापा करून, सगळ्या बंड्या एका भिंतीला ओळीने लावून घेतल्या होत्या. जुवं वर उचलून टेकवलेली, बैल सगळे तळ्याकाठच्या झाडाखाली.

"आत्याबाई, हे काय केलं?" मी म्हणाले.

"साहेब घरी येऊन राह्यले. दारात पसारा ठेवता का कोनी?"

साहेब आले, छत्री मिटून त्या स्वच्छ गल्लीतून घाटापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. एका गाडीवानाच्या हातात आमच्या घरचा तांब्या होता. साहेबांनी कागदावर काही लिहिलं. आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. ते म्हणाले, आता सगळं साक्षीवर. आणि साक्ष माझी होती, कारण रोज घाटावर जाणारी मी, आणि त्यातल्या त्यात न घाबरता बोलणारी मी.

वाशीमच्या कोर्टात मी पहिल्यांदाच गेले. लाकडी कठडा, भिंतीवर घड्याळ, मागे बाकावर सासरे आणि नवरा. व्हरांड्यात खेड्यावरची माणसं बसली होती, कमेटीने आणलेली. त्यांत माझे वडील होते. ते माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला आले नव्हते. ठेकेदाराने चला म्हटलं, सगळे निघाले, तसे तेही आले. मी दिसल्यावर त्यांनी मान खाली घातली.

आमच्या वकिलांनी मला सगळं नीट विचारलं आणि मी सगळं नीट सांगितलं. मग कमेटीचे वकील उठले. त्यांनी इकडचं तिकडचं काही न विचारता सरळ विचारलं, "बाई, तुमचे वडील बाजाराला येतात तेव्हा बंडी कुठं सोडतात?"

आमच्या वकिलांनी घसा खाकरला. काय उत्तर द्यायचं ते मला पढवलेलं होतं. माहीत नाही, असं म्हणायचं. खेड्यावरची बंडी गल्लीत कधी आली नाही, म्हणायचं. म्हटलं असतं तर कदाचित दावा जिंकलो असतो, गल्ली आमची झाली असती आणि त्या व्हरांड्यातल्या एकाही माणसाचे बैल पुन्हा त्या घाटावर पाणी प्याले नसते. माझ्या बापाचेही नाहीत. मी दाराबाहेर बघितलं नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं आणि मला त्या कमेटीसमोर रडायचं नव्हतं.

"आमच्याच दारात सोडतेत," मी म्हणाले. "इचारून सोडतेत."

"म्हणजे गल्ली सर्वांची आहे."

"गल्ली सगळ्यायची आहे. पन दार आमचं आहे. दारात बंडी सोडाची तं इचारा लागते. बाबाले लागते, मंग कमेटीले काहून नाई लागत?"

साहेबांनी मला एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्या म्हणून समज दिली. मी म्हटलं, एवढंच उत्तर आहे.

दावा फेटाळला गेला. पुढचे आठ दिवस सासऱ्यांनी पाणीसुद्धा माझ्या हातचं घेतलं नाही. नवऱ्याने मला दोष दिला नाही, पण बाजूही घेतली नाही. सासूबाई भाकरी थापता थापता म्हणत राहिल्या, "एक डाव खोटं बोलाले काय धाड भरली व्हती इले." मी शेवटी म्हटलं, "आत्याबाई, रांगोळी कोनं काढली व्हती?" मला पश्चात्ताप झाला नाही. राग मात्र एवढा होता की झोपेतही दात खायची, असं नवरा सांगायचा.

निकालाची नक्कल सासऱ्यांनी आणली आणि खुंटीवर अडकवून ठेवली. कोणी ती वाचली नाही. मी वाचली. भाषा जड होती, बोट ठेवून ठेवून तीन दुपारी वाचत बसले. गल्ली सार्वजनिक रस्ता आहे, असं लिहिलं होतं. कमेटी तिथे गाड्या उभ्या करू देऊ शकते, असंही लिहिलं होतं. आणि अगदी खाली, सही करायच्या आधी, साहेबांनी एक ओळ घातली होती: मात्र पायी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाही इसमास कोणत्याही वेळी अडथळा होता कामा नये.

कोणाही इसमास. मी इसम होते.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दुपारी, बंड्या यायच्या आधी, मी टोपली डोक्यावर घेतली आणि गल्लीच्या मधोमध घाटाकडे निघाले. घाटावरून परत. परत घाटाकडे. माझ्यामागे शेजारच्या दोघी, त्यांच्यामागे, बऱ्याच वेळाने, पदर खोचून सासूबाई. बसायचं नाही, थांबायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं ये-जा करायची. ठेकेदार आला, त्याने पट्टेवाल्याला बोलावलं. पट्टेवाला म्हणाला, "बायहो, बाजूले व्हा, बंड्या येऊन राह्यल्या."

मी थांबले नाही. चालता चालताच त्याला ती ओळ पाठ म्हणून दाखवली, खालच्या सहीसकट. सासरे ओसरीवर बसले होते. ते उठले, घरात गेले आणि नक्कल घेऊन बाहेर येऊन बसले, मांडीवर पसरून, ज्याला बघायची त्याने बघावी अशी.

तेवढ्यात पहिली बंडी गल्लीच्या तोंडाशी आली. ती माझ्या वडिलांची होती. त्यांच्यामागे सात-आठ बंड्यांची रांग. त्यांनी बैल उभे केले आणि माझ्याकडे बघितलं. हातात चिठ्ठी नव्हती. माझं डोकं ओल्या टोपलीच्या ओझ्याने वाकलं होतं. त्यांना आत घेतलं असतं तर मागच्या कोणाला नाही म्हणायला मला तोंड उरलं नसतं.

"बाबा, आज नाई," मी म्हणाले. "बंडी मागं घ्या."

मागून कोणीतरी ओरडलं, "काहून गा, पोरीच्या दारात जागा नाई का तुले?"

वडील खाली उतरले. म्हातारपणी त्यांना उतरायला त्रास व्हायचा. बैलांच्या वेसणी धरून त्यांनी बंडी मागे रेटली. अरुंद तोंडाशी ती वळेना, तेव्हा मागच्या गाडीवानांनाही आपापल्या बंड्या मागे घ्याव्या लागल्या. मग एकेक करत सगळे गावाबाहेरच्या आमराईकडे निघून गेले. त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी बाजार आम्ही चालत राहिलो. आमराई पडून आहे, सावली आहे, हे हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. वर्षाने ठेका घ्यायला कोणी पुढे आलं नाही आणि पाटी कोणीतरी सरपणाला नेली.

पण त्या दुपारी मी फक्त माझ्या बापाला हाकललं होतं, एवढंच मला कळत होतं. दिवेलागणीच्या आधी ते आमराईतून चालत आमच्याकडे आले. पाय धुतले, ओसरीवर सासऱ्यांच्या शेजारी बसले. मी ताट घेऊन गेले, पण माझी नजर वर होईना.

"मनाले नोको लावून घेऊ, बाई," ते म्हणाले. "तू कोर्टात माही बंडी नाकारली असती, तं आज मी ते मागं घेतली नसती. वाढ, भूक लागली."