फुंकरदादा आणि शिंगवाली अळी

फुंकरदादांची व माझी ओळख बालवाडीत झाली. मी तेथे मदतनीस होते आणि ते माळी होते. कोणतेही पान कापण्यापूर्वी ते त्यावर फुंकर मारीत, म्हणजे बसलेला किडा आधी निघून जाई. म्हणून मुलांनी त्यांना हे नाव दिले. नुसती खडी पसरलेल्या जागेवर त्यांनी अकरा वर्षांत बाग उभी केली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

एका दुपारी एका मुलीच्या मनगटावर लाल पुरळ उठले. त्याच वेळी, ती खेळत होती तेथील बाकाखाली, एक अळी सापडली. बोटाएवढी जाड, तपकिरी, अंगावर एकही केस नाही. शेपटाकडे मात्र शिंग. तशी अळी आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "ही विषारी असेल तर मी धोका पत्करणार नाही. उद्याच झाडं काढून फरशी घालून घेते."

फुंकरदादांचा चेहरा उतरला. त्यांनी अळी बरणीत ठेवली आणि बागेतील तेरा झाडांची पाने तिच्यापुढे घातली. ती एकालाही तोंड लावीना, नुसती गोल फिरत राहिली.

"काही खाल्लं असतं तर कुठल्या झाडावरची ते तरी कळलं असतं," ते म्हणाले. "पण हिचे नखरे जावयासारखे!"

मी तेव्हा प्रौढ वर्गात नुकतीच वाचायला शिकले होते. मुलांच्या कपाटातून मी किड्यांचे चित्रमय पुस्तक काढले. एका पानावर शिंगवाली अळी होती. मी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचले, "शिंग मऊ असते. ते टोचत नाही."

"ताई, नक्की तसंच लिहिलंय? का माझं तोंड बघून वाचताय?"

"अक्षर न् अक्षर तसंच आहे, दादा."

परंतु चित्रातील अळी हिरवी होती आणि आमची तपकिरी. शिवाय वाचण्यात माझीच चूक झाली असेल तर? घरी गेल्यावरही माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळी मी लवकर पोहोचले. फुंकरदादा पायरीवर बसले होते. त्यांनी बाही वर सरकवली होती आणि अळी उघड्या हातावरून चालत होती.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"हिचं विष असेल तर ते पोरांना लागण्याआधी मला लागू दे. कातडी जुनी आहे, पण खाज तिलाही सुटते."

"आणि सूज चढली तर?"

"मग तुम्ही आहातच आरडाओरडा करायला. घड्याळ बघा. अर्धा तास."

मोठ्या बाई आल्या, त्याही तेथेच थांबल्या. दादांनी अळीचे शिंग मुद्दाम आपल्या मनगटावर घासले. मी एकदा घड्याळाच्या काट्याकडे पाही, एकदा त्यांच्या हाताकडे. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता.

अर्धा तास झाला. मोठ्या बाईंनी त्यांचा हात उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कोठेही लाल डाग नव्हता.

"फरशी राहू दे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मुलीचे पुरळ दोन दिवसांत गेले. ते कशाने आले होते, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.

फुंकरदादा मात्र पायरीवरून उठले नाहीत.

"ताई," ते म्हणाले, "ही खात नाही, म्हणजे कोष करायची वेळ झाली असेल. पोरं यायच्या आधी हिला कुंपणाजवळच्या मऊ मातीत सोडून या. माझे पाय अजून लटपटताहेत."