आंतोनमास्तरांच्या कागदातला दम

आंतोनमास्तर गाणं ऐकताना तोंडाकडे बघायचेच नाहीत, गळ्याखाली बघायचे, आणि दम घेतला की कागदावर पेन्सिलीने खूण.

मी आधी घाबरलेच. कुवेतात येऊन चार महिने झालेले, सलमा दीड महिन्याची, हे दिवसभर तेल कंपनीत, मला दारात उभं राहायचीसुद्धा भीती. मास्तर समोरच्या खोलीत, गोव्याचे, साहेबलोकांच्या क्लबात पियानो वाजवायचे. मी पोरीला निजवत गात होते तर दाराशी येऊन म्हणतात, “बाये, तुझा आवाज त्या मडमेच्याच पट्टीत गो! तिच्या जागी जरा गाशील?”

कंपनीतल्या एका साहेबाच्या मडमेला क्लबात एक जुनं इंग्रजी गाणं म्हणायचं होतं, सगळ्यांच्या तोंडातलं. मास्तरांनी ते पाच वाजवणाऱ्यांसाठी नव्याने बांधायचं, आणि बाई तालमीला एकदाही येईना! मग मी, दार सताड उघडं ठेवून, सलमा मांडीवर, इंग्रजी कुठलं येतंय, नुसतं ला-ला. ते पेटीवर सूर धरायचे.

“दम कोंडू नको. तू थांबशील थंय सॅक्सोफोन बोलेल. गाणाऱ्याला धावडवतो तो वाजपी न्हय, पोलीस!”

कार्यक्रमात बाई थांबायच्या जागी थांबलीच नाही, तिचा सूर सॅक्सोफोनवर जाऊन आदळला, लोक हसले. मॅनेजर म्हणाला, मास्तरला गाणं बांधता येत नाही. नोकरी गेली. पुढच्या बोटीने परत जा.

मी म्हटलं, “मास्तर, मी येऊन गाऊन दाखवते त्याला! माझ्या गळ्यात बसत होतं की नाही?”

“नको बाये. क्लब कंपनीचा. तुझ्या घोवाची नोकरी जाईल. चूक माझीच. गाणार ती, आणि दम मी तुझा लिहिला.”

कसली चूक? ती आली होती का एकदा तरी? पाय दुखत होते का तिचे? आणि त्या मॅनेजरला कागद वाचता तरी येत होता? पण सगळ्यात जास्त चीड माझी मला येते, कारण ते ‘नको’ म्हणाले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

जाताना तो कागद मला देऊन गेले. त्यातली अक्षरं मला येत नाहीत, सूरही वाचता येत नाहीत. पण मधे मधे पेन्सिलीच्या बारक्या खुणा आहेत, त्या येतात, त्या माझ्याच आहेत. सलमाला निजवताना तो समोर ठेवते. खूण आली की थांबते, आणि तिथे कोणीच बोलत नाही.