चट्टे, डांबर आणि ईएसआरची नळी

आमच्या लॅबमध्ये रक्तापेक्षा किस्से जास्त साठायचे, आणि त्याला कारण ईएसआर! उभ्या नळीत रक्त भरायचं आणि तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ते बघायचं. आता तासभर करायचं काय? पेशंट बोलणार, आम्ही ऐकणार!

साठ सालच्या आगेमागे मी बेळगावहून बंगळूरच्या एका इस्पितळात टेक्निशियन म्हणून लागले. चर्मरोग विभागाचे देशपांडे डॉक्टर धारवाडचे. सोरायसिस, म्हणजे अंगावर लाल चट्टे आणि त्यावर चंदेरी खवले, हा त्यांचा ध्यास. "चट्टे वाढले की रक्तातही काहीतरी वाढत असणार," असं त्यांनी मनात घेतलं होतं. मग काय, दिसला चट्टा की टोच सुई!

*

पहिला मान चिकपेटच्या शेट्टींचा. साड्यांचे ठोक व्यापारी. डॉक्टरांनी समजावलं, "पेशी जितक्या झपाट्याने खाली बसतील, तितका आजार जोरात."

शेट्टी नळीसमोर स्टूल ओढून बसले. थोड्या वेळाने मी बघते तर नळीला हात जोडून विनवताहेत, "स्वल्प तडी... स्वल्प तडी!" म्हणजे, थांब गं बाई जरा!

*

उपचार म्हणजे डांबराचं मलम. वास असा, की वॉर्ड कुठे ते कुणाला विचारावं लागत नसे. शेट्टी मलम लावून घरी गेले की शेजारीण खिडकीतून ओरडायची, "काय हो, रस्ता कुठवर आला?"

*

पण डांबराने गुण आला! शेट्टींचे चट्टे फिके पडले. डॉक्टर खूश. आणि ईएसआर बघतो तर दुप्पट! डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी शेट्टींना डोक्यापासून तळव्यापर्यंत तपासलं. कातडी छान! शेवटी वॉर्डातल्या नागम्मा सिस्टर म्हणाल्या, "सर, त्यांचा गाल बघा की."

दाढ सुजून टम्म! ईएसआर तिच्यामुळे चढलेला.

"अहो, मग बोलला का नाहीत?" डॉक्टर वैतागले.

"तुम्ही कातडीचे डॉक्टर," शेट्टी म्हणाले. "दाताचं सांगून तुम्हाला कशाला संकोचात टाकू?"

*

मग, चट्ट्यांबरोबर रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं का, याच्या मागे डॉक्टर लागले. तुलनेला निरोगी रक्त हवं, म्हणून स्टाफने दिलं, डॉक्टरांनीही दिलं. सगळ्यांत जास्त युरिक ॲसिड कुणाचं? डॉक्टरांचं! वॉर्डातल्या पेशंटांपेक्षाही वर!

"नळी बदला," डॉक्टर म्हणाले. बदलली. "केमिकल बदला." तेही बदललं. आकडा तोच. मी म्हटलं, "सर, आता फक्त तुम्हीच बदलायचे राहिलात!"

*

आणि सुमती! शाळेत शिकवायची, दोन्ही कोपरांवर चट्टे. एका सरकारी कारखान्यातल्या इंजिनिअरशी तिचं लग्न ठरत होतं. आजाराचं तिने स्वतःच सांगून टाकलं होतं. झालं, मुलाची आई मुलाला घेऊन लॅबमध्ये हजर! सुमतीही तपासणीला आलेलीच.

"मुलीचं रक्त शुद्ध आहे असं लिहून द्या. नाहीतर आम्ही पुढे जाणार नाही."

"बाई, हा आजार स्पर्शाने पसरत नाही. आणि शुद्ध-अशुद्ध असा रिपोर्ट नसतो," डॉक्टर म्हणाले. बाई ऐकेनात. सुमती खाली बघून पदराचं टोक पिळत होती. मला इतका राग आला होता!

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले, "मग मुलाचंही रक्त काढू."

"काढा की! आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही!"

मुलगा मात्र दोन पावलं मागे सरकला. मी म्हटलं, "बाही वर घ्या." तो मनगटाचं बटण धरून उभा. शेवटी मीच बाही वर सारली.

कोपरावर लाल चट्टा, त्यावर चंदेरी खवले!

"ते ऑफिसात टेबलावर कोपर टेकून टेकून झालंय!" आई घाईघाईने म्हणाली.

डॉक्टरांनी दुसरी बाही वर केली. तिथेही तेच. "दोन्ही कोपरं?"

"टेबल मोठं आहे!"

नागम्मा सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाल्या. आईही पाणी प्यायचं निमित्त करून गेली. मी दोन्ही नळ्या शेजारीशेजारी लावल्या. दंडाशी कापूस दाबून दोघं एकाच बाकावर बसली. दोघांची नजर नळ्यांवर.

शेवटी मुलाने घसा खाकरला. "तुमचा ईएसआर... साधारण किती येतो?"

सुमतीने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

"आधी तुमचा येऊ दे!"