आई जागची हलेना

“मंदार, उचल ना त्यांना! उचल आणि आण खाली!”

माझी बायको अनघा घरामागच्या लाकडी डेकवरून ओरडत होती. टोर्नेडोचा भोंगा चालू होता, दोघांचे फोन किंचाळत होते, आणि मी बॅकयार्डात माझ्या आईच्या काखांत हात घालून तिला उचलायला बघत होतो. आईचं वजन त्रेचाळीस किलो. आणि ती उचलली जात नव्हती.

थांबा. आधी माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगतो, मग ठरवा पुढे वाचायचं की नाही.

पहिली — माझा असल्या कशावर विश्वास नाही. मूळचा नागपूरचा, एकोणीस वर्षं मिशिगनमध्ये नोव्हायला आहे, आणि गाडीचे ब्रेक का किंचाळतात ते शोधणं हे माझं काम. आवाज आला म्हणजे त्याला कारण असतंच, यावर माझं घर चालतं. भुतंखेतं, चक्रं, एनर्जी... यांच्यावर मी फक्त हसत आलोय.

दुसरी — मी थापाड्या आहे. बर्फात माझ्या गाडीसमोर एकदा हरीण आलं होतं. इथल्या मंडळाच्या दर गणपतीला ते मी थोडं मोठं करत गेलो, गेल्या वर्षी त्याने माझ्या गाडीची काच चाटली. त्यामुळे इथल्या मराठी घरांत माझं कुणी काही खरं मानत नाही. म्हणून तर हे इथे लिहितोय, जिथे मला कुणी ओळखत नाही.

तर, लिन काका. सत्तरीपुढचे, चिनी, रिटायर्ड टूलमेकर. शनिवारी सकाळी पार्कात चीगाँग शिकवतात. म्हणजे चायनीज मार्शल आर्ट्सचा आतला भाग — लाथा नाहीत, बुक्के नाहीत, नुसतं उभं राहायचं. गुडघे जरासे वाकवून, मोठ्या पिंपाला मिठी मारल्यासारखे हात गोल धरून, चाळीस मिनिटं. मी पाठदुखीसाठी जायचो, आणि पार्ट्यांमध्ये सांगायचो की कुंग फू शिकतोय. खरं तर आम्हा आठ जणांना बघून एकदा कुत्रा फिरवणाऱ्या बाईने विचारलं होतं, यांना काही मदत हवी आहे का.

काकांचे नियम दोनच. संपवताना दोन्ही हात सावकाश खाली आणून बेंबीवर ठेवायचे, तीन श्वास घ्यायचे. त्याला ते क्लोज करणं म्हणतात. आणि ज्याने क्लोज केलेलं नाही, त्याला हात लावायचा नाही. का, असं मी विचारलं होतं. “लावायचा नाही,” एवढंच म्हणाले.

मे महिन्यात आई आली सहा महिन्यांसाठी. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखणारे. एकटी घरी कंटाळेल म्हणून तिला क्लासला नेलं. मी वर्षभरात दहा मिनिटांपुढे गेलो नाही, कारण मला गप्प उभं राहताच येत नाही. आईने दोन आठवड्यांत चाळीस मिनिटं गाठली. मग तिला नादच लागला. दुपारचा चहा झाला की बॅकयार्डातल्या मेपलखाली अनवाणी उभी.

जुलैमधला शनिवार, माझा वाढदिवस. आमच्याकडे वाढदिवसाला आईला वाकून नमस्कार केल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. सकाळपासून मी विसरलो होतो आणि आईने दोनदा ऐकवलं होतं, “अमेरिकेत वाकत नाहीत वाटते.” दुपारी केक आणायला निघालो तेव्हा ती मेपलखाली उभी. डोळे अर्धे मिटलेले, हात गोल. बेकरी बंद होईल म्हणून मी घाईत होतो. गाडीची किल्ली आणि फोन डाव्या हातात, उजव्या हाताने पटकन तिच्या पायांना हात लावला, “केक आणायला जातो” म्हणालो आणि निघालो.

ती काही बोलली नाही. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं. पहाटे गाढ झोपेतून उठवून पाया पडलो तरी ही बाई “शतायुषी हो” म्हणून मगच कूस बदलते.

पाऊण तासाने केक घेऊन आलो तर आई तिथेच, तशीच. आभाळ शेवाळासारखं हिरवं झालं होतं. वारा अजिबात नाही. मग फोन किंचाळले, मागोमाग भोंगा. “आई, बेसमेंटमध्ये चल,” म्हणत मी धावत गेलो, तिचा दंड धरला... आणि दंड आला, आई आली नाही.

नीट सांगतो. तिचं अंग ताठ नव्हतं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. खांदे मऊ, हात गरम, श्वास चालू. मान धरून हलवली तर हलत होती. पण कमरेखाली ती जणू त्या जमिनीचीच होती. ओठ पुटपुटत होते. रामरक्षा म्हणत असेल असं मला वाटलं. भोंग्यात काही ऐकू येत नव्हतं.

शेजारचा डेव्ह कुंपणावरून उडी मारून आला. हा कॉलेजात फुटबॉल खेळलेला, आमचा फ्रिज एकट्याने बेसमेंटमध्ये नेलेला माणूस. त्याने मागून आईच्या कमरेला विळखा घातला, मी काखांत हात घातले, अनघा डेकवरून उतरून हात ओढायला लागली. डेव्हच्या मानेच्या शिरा फुगल्या. आईच्या टाचा गवतावरून सूतभरसुद्धा उचलल्या गेल्या नाहीत. डेव्हने हात सोडले, स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “मॅन, व्हॉट इज शी स्टँडिंग ऑन?”

एव्हाना वारा सुटला होता. कुणाचा तरी कचऱ्याचा डबा रस्त्यावरून गडगडत गेला. अनघा म्हणाली, “मंदार, काहीतरी कर रे, प्लीज.” तिला आत जा म्हणालो तर गेली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आईला सोडून मी आत जाणार नाही, आणि मी गेलो नाही तर हीसुद्धा जाणार नाही. मी लिन काकांना फोन लावला आणि स्पीकरवर ओरडत सगळं सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, “कुणी हात लावला?”

“आत्ता आम्ही सगळ्यांनीच.”

“त्याच्या आधी?”

“कुणी नाही.” सवयच अशी, काय करणार.

“त्याच्या आधी कुणी हात लावला?”

“मी.”

“कुठे?”

“पायांना.”

मग म्हणाले, “तिच्या समोर उभा राहा. तिच्यासारखा. तू क्लोज कर. आणि बोलू नकोस.”

मी फोन गवतात टाकला आणि आईसमोर हात गोल करून उभा राहिलो. तोंडात शंभर शब्द आले होते — आई, चल ना, आई, ऐक ना — सगळे गिळले. मेपल डोक्यावर कुरकुरत होता. आईचे ओठ अजून हलत होते आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हतीच, खाली होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. अनघा म्हणते तीन मिनिटं. मला विचाराल तर माझी अर्धी नोकरी तेवढ्यात झाली असती.

मी हात खाली आणायला लागलो. आईचे हात माझ्याबरोबर खाली आले. बेंबीवर ठेवले, तिनेही ठेवले. एक श्वास. दोन. तिसऱ्याला ती समोर झुकली आणि माझ्या अंगावर पडली, एवढीशी, हलकी. डेव्हने तिला उचललं आणि आम्ही पळालो.

आता नेहमीचा मी असतो तर सांगितलं असतं की आम्ही दार लावलं आणि मेपल नेमका तिथेच कोसळला. नाही कोसळला. एक फांदी तुटली, तीही डेव्हच्या ट्रॅम्पोलिनवर. टोर्नेडो आमच्या बाजूला आलाच नाही. वीस मिनिटांनी भोंगा थांबला. केकसुद्धा शाबूत होता, पण कुणी कापला नाही.

मात्र बेसमेंटच्या दिव्याखाली मी माझे हात पाहिले. दोन्ही. दहाच्या दहा नखांत ओली काळी माती होती, आणि तळवे गवताने हिरवे. मी जमिनीला हात लावला नव्हता. ओढताना आम्हा तिघांचेही हात तिच्या कमरेखाली गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईला उचलून पाहिलं. दळणाच्या डब्याएवढी. “खाली ठेव, येड्या,” म्हणाली. डेव्ह आता लांबूनच हात हलवतो. पुढच्या शनिवारी मी लिन काकांना गाठलं, तर म्हणाले, “तू फोनवर ओरडत होतास. ओरडणाऱ्या माणसाला मी उभंच राहायला सांगतो. बाकी असलं मी कधी पाहिलं नाही. मला तर माझी नात ढकलून पाडते.”

पायात गोळा आला असेल, घाबरून गेली असेल, आमचीच ताकद गेली असेल... सगळं लावून पाहिलं. डेव्हलाही ती का उचलली गेली नाही, ते कोडं सुटत नाही. माझ्या नखांचं तर त्याहून नाही. कारण सापडलेलं नाही. मी, ज्याचं घर कारणं शोधण्यावर चालतं, हे लिहून देतो.

आईला विचारायचा धीर व्हायला आठ दिवस लागले. ती किचन टेबलाशी गवार मोडत बसली होती.

“आई, आम्ही तुला ओढत होतो ते कळत होतं तुला?”

“कळत होतं ना. एवढे ओरडून राहिले होते तुम्ही.”

“मग हलली का नाहीस?”

तिने शेंग मोडली, शीर काढून बाजूला ठेवली.

“कशी हलू? केक आणायला जातो म्हणाला अन् तेव्हापासून तूच तर माझे पाय धरून बसला होता खाली. सोड म्हटलं, सोड म्हटलं, तर सोडूनच नाही राहिला.”