परिपत्रकाचं दुसरं पान

चहा ओता, मग सांगतो मी चारचौघांत कसा तोंडघशी पडलो ते. तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माझा मित्र सुनील कांबळे अंधेरीच्या गाळ्यात एक यंत्र बनवतो. अंघोळीचं पाणी गाळून फ्लशला देणारं. झकास चीज. हे यंत्र बसवणाऱ्या इमारतीला करात सवलत, असा नियम निघाला. लगेच त्याला स्थगितीही आली. वर्षभर सगळे नुसते वाट बघत बसले. तरी पाच सोसायट्यांनी, आमची धरून, ऑर्डर दिली. त्या जोरावर सुनीलने दोन माणसं कामाला घेतली.

तेवढ्यात मोबाइलवर नवं परिपत्रक आलं. सरकारी वाक्य तुम्हाला माहितीये, सुरू होतं मुलुंडला आणि संपतं कल्याणच्याही पुढे. पण माझी हयात ऑफिसात गेलीय, मला कोण फसवणार? पानाच्या तळाला शब्द दिसला, 'स्थगिती'. बस. सेक्रेटरी लोकांच्या ग्रुपवर टाकलं, "नियम परत लटकला. यंत्र घेऊ नका. सरकारचा भरवसा नाही."

संध्याकाळपर्यंत चार ऑर्डरी रद्द. पाचवी मी स्वतः रद्द केली.

दुसऱ्या दिवशी धीर द्यायला गाळ्यावर गेलो. सुनील स्टुलावर बसला होता, यंत्रं बंद. मी सुरू झालो, "धोरणच असं डळमळीत असेल तर कोण पैसा घालणार? धंदे वाढणार कसे? देश पुढे जाणार कसा?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला नुसता तुझा मेसेज आलाय. परिपत्रक दाखव ना."

मी ऐटीत मोबाइल दिला. त्याने वाचलं, अंगठ्याने पान वर सरकवलं आणि थांबला.

"दुसरं पान वाचलंस?"

"दुसरं?"

त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरली. पहिलीच ओळ होती, 'उठवण्यात येत आहे.'

दोन्ही नवी माणसं माझ्याकडे बघत होती.

"सरकारचं ठरलंय रे," सुनील शांतपणे म्हणाला. "डळमळीत तू आहेस."

मग काय, दोन दिवस सोसायट्यांचे जिने चढलो, हात जोडले. ऑर्डरी परत आल्या, गाळा सुरू झाला. शेवटचं दार पाटणकरबाईंचं, शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. माझं सगळं माफीचं भाषण त्यांनी उभ्याने ऐकलं.

"झालं?" त्या म्हणाल्या. "की याचंही दुसरं पान आहे?"