देव्हाऱ्यातलं कार्ड

पारोळ्याच्या बसस्टँडवर नाना मला सोडायला आले होते, त्या दिवशी ते फारसं बोलले नाहीत. माझी ट्रंक त्यांनी टपावर चढवली, खिडकीपाशी येऊन उभे राहिले आणि बस हलायच्या बेतात असताना म्हणाले, "कोनी इचारं ते बापनं नाव सांगजो. गावनं सांगजो. बाकी काई सांगानं काम नही." कुणी विचारलं, तर बापाचं आणि गावाचं नाव सांग, एवढीच शिदोरी. मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन निघाले होते आणि मला ते बोलणं भाबडं वाटलं होतं. तरी मान हलवली. खाली उभ्या असलेल्या बापाला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. हे कुठल्याही शहरात असंच घडलं असतं, आणि एखाद्या शहरावर बोट ठेवलं की बाकीची सुटतात. गावाकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला एवढंच सांगते की इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण बापाचं नाव मला सहसा फॉर्मवरच लिहावं लागलं. ते तोंडी सांगायची वेळ क्वचितच आली. इथे गळ्यात पट्टी असते आणि पट्टीला आयकार्ड. कॉलेजच्या ग्रंथालयात शिरताना ते दाखवायचं आणि सोसायटीच्या गेटवर ॲपमध्ये फोटो दाखवायचा. माझ्यासारख्या निघून गेलेल्यांना हे माहीत आहे. सवय होते. मला तर त्यात एक प्रकारची शांतताही वाटायची, कारण कुणी जास्त काही विचारत नसे.

आई गेल्यावर नाना गावात एकटे राहिले. मी एकुलती एक आणि लग्न न केलेली. त्यांनी माझ्याकडे यायचं ठरवलं, तेव्हा पारावर चेष्टा झाली. "आंडेरनी कमाई खावाले चालना का नाना?" कुणीतरी म्हणालं. आंडेर म्हणजे लेक. लेकीच्या अन्नावर राहणं आमच्याकडे कमीपणाचं. नाना म्हणाले, "कमाई नही रे, तिनी पुस्तकं खावाले चालनू." सगळे हसले, तेही हसले. पण मला ठाऊक होतं की हे हसू त्यांना सोपं गेलेलं नाही. ते माझ्याकडे राहतील की परत जातील, हा प्रश्न त्या हसण्यातच उरला होता. त्यांना रुळवायचं, एवढं एकच काम मी मनाशी धरलं होतं.

घर बंद करून निघताना त्यांनी आधार कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं, कुलदेवीच्या टाकाला टेकवून. आमच्या घरात मोलाचे कागद देवापाशीच राहायचे, घराबाहेर जायचे नाहीत. मी म्हटलं, "नाना, हे बरोबर घ्या, तिकडे लागतं." त्यांनी कार्डाला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाले, "घरमा कोनी तरी ऱ्हावाले जोयजे." घरात कुणीतरी राहायला हवं. मग त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या अक्कांच्या हातात दिली. मला हसू आलं, मी वाद घातला नाही. आधाराचा नंबर माझ्याकडे लिहिलेला होताच. तेवढं पुरेल असं वाटलं.

पहिले महिने बरे गेले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी गावाहून यायची आणि भाकरी नाना स्वतः थापायचे, मला नीट जमत नाही म्हणून. सकाळी ते चौकातल्या बागेत जाऊन बाकावर बसत. माझ्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं वाचत, आणि शेजारी येऊन बसेल त्याला भरताची वांगी कशी ओळखायची ते सांगत. शेजारच्याला निम्मं कळत नसे, तरी तो ऐकून घेई. संध्याकाळी मला सगळा वृत्तांत मिळे. मला वाटू लागलं होतं की ते राहतील.

एका सकाळी बागेत पोलीस आले. कुठे चोरी झाली नव्हती, मारामारी झाली नव्हती. बाकांवर बसलेल्यांची कार्डं बघत होते, इतकंच. बाकीच्यांनी मोबाइलमधून दाखवली. नानांकडे साधा फोन आणि कार्ड गावाला. गाव कुठलं, असं विचारल्यावर त्यांनी गावाचं नाव सांगितलं. जिल्हा कुठला, असं विचारल्यावर म्हणाले, "खान्देश." त्यांच्या शाळकरी वयात जिल्ह्याचं नाव पूर्व खान्देश होतं आणि जळगाव म्हणायची सवय त्यांच्या जिभेला कधी लागलीच नाही. शिपाई म्हणाला, असा जिल्हा नाही. नाना अहिराणीत समजावू लागले. ती शिपायाला मराठीही वाटेना आणि गुजरातीही. "ही कुठली भाषा? बाहेरून आलात का?" तेव्हा नानांनी सदऱ्याची बाही वर सारली.

त्यांच्या डाव्या हातावर त्यांचं नाव गोंदलेलं होतं. लहानपणी यात्रेत आजोबांनी गोंदवून घेतलं होतं, गर्दीत पोर हरवलं तर लोकांनी नाव वाचून घरी आणून द्यावं म्हणून. हिरवी अक्षरं वयाबरोबर पसरली होती, पण वाचता येत होती. शिपायाने ती वाचली असावी. त्याने नानांना चौकीत चला म्हटलं.

सोसायटीच्या वॉचमनने फोन केला आणि मी धावत गेले. नाना बाकावर बसले होते, बाही अजून वर सारलेलीच. त्यांच्यापुढे चहाचा कप होता. हे मुद्दाम सांगते, कारण कुणी त्यांना शिवीही दिली नव्हती.

मी हवालदारांना विचारलं, "यांच्यावर कसला संशय आहे का?"

"संशय कसला, मॅडम? रूटीन आहे."

मी वाचणारी बाई. या विषयावरची पुस्तकं माझ्या हाताखालून गेलेली. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "संशय नसेल, तर ओळखपत्र जवळ नाही एवढ्यावरून माणसाला बसवून ठेवता येत नाही. नागरिकाने चालताबोलता कार्ड बाळगलंच पाहिजे, असा सरसकट कायदा नाही."

हवालदारांनी विचारलं, "वकील आहात?"

"ग्रंथपाल."

"मग पुस्तकं सांभाळा." शेजारचा शिपाई हसला. मग ते पुढे झुकून, जवळजवळ समजुतीने म्हणाले, "हे बघा, आतापर्यंत संशय नव्हता. साध्या माणसाला कायदा माहीत नसतो. तुम्ही कायदा सांगताय म्हटल्यावर आम्हाला बघावं लागेल. तुमचं कार्ड द्या."

मी दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागले. त्या क्षणी मला काय वाटलं, ते मी अजून नीट मांडू शकलेले नाही. मी बोलले ते खरं होतं. खरं होतं म्हणूनच आम्ही आणखी बसलो. गप्प राहिले असते, हात जोडले असते, तर कदाचित लवकर सुटलो असतो, आणि तेही मला आवडलं नसतं. नानांनी हळूच विचारलं, "मी काय करं, माय?" आपण काय केलं, असं विचारत होते. मी म्हटलं, काही नाही, नाना. माझ्याकडे एवढंच खरं उत्तर होतं.

माझ्याकडे लिहिलेला आधाराचा नंबर त्यांना चालला नाही, तेव्हा शेवटी मी गावाला अक्कांना फोन लावला. त्यांनी कुलूप काढलं आणि सुनेने देव्हाऱ्यातल्या कार्डाचा फोटो काढून पाठवला. कार्डावरच्या नानांच्या कपाळावर कुंकू, मागे टाकाची कडा आणि विझलेलं निरांजन. मी मोबाइल हवालदारांपुढे धरला. नानाही वाकून बघत होते. ते म्हणाले, "देखा साहेब, मी घरमाच शे." मी घरातच आहे.

ते चेष्टेने म्हणाले की कसं, मला कळलं नाही. हवालदारांनी मात्र पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाबा, कार्ड जवळ ठेवत जा. आम्हालाही वरून सांगितलेलं असतं," असं म्हणून माझं कार्ड परत दिलं. कुठे काही नोंद झाली नाही. तक्रार करावी असं नाव घेण्याजोगं तिथे काय घडलं होतं, हेही मला सांगता आलं नसतं.

नानांच्या कार्डाची एक प्रत मी लॅमिनेट करून आणली. ती ते सदऱ्याच्या खिशात ठेवू लागले. आधी बाहेर जाताना, मग घरातही. गॅलरीत जाण्याआधी खिसा चाचपून बघत. बागेत जायचं मी सुचवलं की, "उद्या देखू," म्हणत. पुस्तकाची पानं उलटेनाशी झाली. एके दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माय, आठे मी मी शे, हाई बी दखाडनं पडस. माले घर धाडी दे." मी मी आहे, हेही इथे दाखवावं लागतं. मी त्यांना थांबवायला बरंच बोलले असेन. काय बोलले ते आठवत नाही, कारण त्यातलं एकही वाक्य त्या वाक्यापुढे उभं राहिलं नाही. पारोळ्याच्या स्टँडवर मीच त्यांना सोडलं. परतीच्या बसमध्ये ते नव्हते, मी होते, आणि खिडकीपाशी उभे राहून ते काहीच म्हणाले नाहीत.

हिवाळ्यात नाना गेले, झोपेत. अक्कांनी सकाळी दार वाजवलं, तेव्हा कळलं. मी पोचेपर्यंत सारं गाव ओट्यावर होतं. गल्लीच्या तोंडाशी डोळ्यांनी अधू झालेली एक म्हातारी बसली होती. पावलं ऐकून तिने विचारलं, "कोनी शे व माय तू?" कुणाची गं तू? आणि माझा हात पर्समध्ये गेला. कार्डाच्या कडेला बोटं लागली, तेव्हा मी थांबले आणि नानांचं नाव घेतलं. तिने वाट देण्यासाठी पाय जवळ ओढून घेतले. मला आणखी काही सांगावं लागलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर घर बंद केलं. नानांचं कार्ड देव्हाऱ्यातच होतं, कुंकू वाळून तपकिरी झालेलं. त्याच्या शेजारी मी माझं कार्ड टेकवून ठेवलं. दिवा लावला, कुलूप घातलं, किल्ली अक्कांना दिली. स्टँडपर्यंत मला फार बरं वाटत होतं. मग शहरातलं गेट डोळ्यांपुढे आलं, ग्रंथालयाचं दार आलं, बाग आली, आणि मी रिक्षा वळवली.

"काय इसरनी व माय?" अक्कांनी विचारलं.

मी म्हटलं, काही नाही, एक कागद राहिला. त्यांनी किल्ली दिली. दिवा अजून जळत होता. मी माझं कार्ड उचलून पर्समध्ये घातलं, नानांचं जरा सरळ केलं, आणि पुन्हा बाहेरून कुलूप लावलं.