ओनो-सानच्या काउंटरवरची बारशी

आमच्या हिगाशी-कसाईच्या बिल्डिंगमध्ये बाळाची दुपटी एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तसेच हे किस्सेही जातात. फरक एवढाच की दुपटी विरत जातात आणि किस्से दरवेळी थोडे जाड होऊन परत येतात. म्हणून म्हटलं, मूळ माल माझ्याकडं आहे तोवर सांगून टाकावेत.

भूकंपानंतरच्या वर्षी आम्ही टोकियोला आलो, माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे शिरीषच्या, सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर. त्याचं ऑफिस सगळं इंग्लिशमधून. मी बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायचे, तिथं डबे भरता भरता जपानी शिकले. तेव्हापासून इथून फुनाबोरीपर्यंत कुठल्याही मराठी घरात बाळ झालं की पेढ्यांच्या आधी मला फोन: "मेधावहिनी, वॉर्ड ऑफिसला कधी येताय?"

वॉर्ड ऑफिस म्हणजे आपल्या महापालिकेच्या कचेरीसारखंच, फक्त तिथं कुणी जेवायला गेलेलं नसतं. बाळ जन्मलं की दोन आठवड्यांत तिथं नोंद करायची, नावासकट. जपान्यांना दोन आठवडे पुरतात. आपल्याला आत्या असते! याच नियमापायी सुलभाकाकूंच्या नातीचं नाव अगदी शेवटच्या दिवसापर्यंत अडकलं होतं, पण ते शेवटी सांगते.

*

पहिला किस्सा घरचाच. आमच्या निहारची नोंद करायला गेलो तेव्हा खिडकीवर पहिल्यांदा ओनो-सान भेटली. चष्मा, बारीक आवाज, टेबलावर एक टाचणी वाकडी नाही. तिनं विचारलं, "जन्म किती वाजून किती मिनिटांनी?"

मी भाषांतर केलं. शिरीष, ज्यानं आमच्या लग्नात पत्रिका बघायला कडाडून विरोध केला होता, तो एकदम खुलला. मिनिटासकट वेळ सांगितली आणि मला म्हणाला, "विचार ना, इथं लगेच सांगतात की नंतर यावं लागतं?"

"काय सांगतात?"

"रास."

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. हॉस्पिटलमधून निघताना नर्सनं शिरीषच्या हातात एक सुंदर लाकडी डबी दिली होती. आत कापसात काहीतरी वाळलेलं. शिरीषला वाटलं, इथल्या एखाद्या देवळाचा अंगारा असणार. त्यानं ती डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज ऑफिसला जाताना तिला नमस्कार करू लागला. एकदा तर उघडून थोडं कपाळाला लावावं का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

एकदा देव्हारा पुसायला गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हटलं, "अरे, ती निहारची नाळ आहे. इथं जपून ठेवायला देतात."

त्यानं डबी परत देव्हाऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "नमस्कार काही चुकीच्या ठिकाणी गेला नाही."

*

ओनो-सान आणि मी पुढं चांगल्या ओळखीच्या झालो. एकदा गवळी जोडपं घेऊन गेले. सांगलीकडची मंडळी. तिनं दोघांचे पासपोर्ट पाहिले, तर दोघांचीही जन्मतारीख एक जून. तिनं उभं राहून दोघांचं अभिनंदन केलं. इतका योग म्हणे क्वचितच जुळतो.

पुढच्या महिन्यात मी दुसरं जोडपं नेलं. नवरा एक जून. मग तिसरं. बायको एक जून. ओनो-सान बिचारी फार सभ्य, पण शेवटी तिला राहवलं नाही. "मेधा-सान, एक जूनला भारतात काही सण असतो का?"

"असतो," मी म्हटलं. "शाळा उघडायच्या आधी मास्तरांचा."

मग तिला सगळं सांगितलं. मूल घरी जन्मलेलं, तारीख कुणाच्या लक्षात नाही, शाळेत घालताना मास्तर सरळ एक जून ठोकून देतात. ओनो-साननं मिनिटांचा रकाना असलेल्या आपल्या फॉर्मकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच खळखळून हसली.

हा किस्सा मी सुलभाकाकूंना सांगितला. सुनेच्या, केतकीच्या, बाळंतपणासाठी त्या साताऱ्याहून आमच्या शेजारी येऊन राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीही एक जूनचीच गं. माझी तारीख मास्तरांची आणि नाव सासरचं. माहेरी मी यमुना. अक्षता पडल्या आणि सुलभा झाले. तेव्हापासून यमुना कुठल्या कागदावरच नाही." हसत हसत म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या. मला मात्र ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

*

गवळी पुढं पुण्याला परत गेले. वर्षभरानं गवळीवहिनींचा मेसेज आला: "ओंकारचा जन्मदाखला शाळेत जमा केला होता, आता नव्या पासपोर्टलाही हवा आहे. अजून एक प्रत काढून पाठवाल का? फोटो पाठवते."

फोटो उघडला. लॅमिनेट केलेला सुरेख कागद. लाल शिक्का, नंबर, तारीख. वर शाळेचा निळा शिक्का, 'मूळ प्रत पाहिली'. मी तो दोनदा वाचला आणि फोन लावला.

"वहिनी, दाखला तुमच्या कपाटात दुसरीकडं कुठंतरी असेल, शोधा. हा स्टेशनबाहेरच्या पार्किंगचा पास आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ओंकार पुण्याच्या शाळेत सायकल म्हणून दाखल झालाय."

पलीकडं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "तरीच फी कमी लागली."

*

आमचा निहार इथंच वाढला. त्याला घरात मराठी कळतं, पण उत्तरं जपानीत येतात. सोबत ठेवायला कुणी नसलं की मी त्यालाही वॉर्ड ऑफिसला न्यायचे, त्यामुळं नोंदणीची पद्धत त्याला पाठ. एकदा फुनाबोरीला बारशाला गेलो. आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, मग मोठ्यानं सांगितलं, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या हसतायत, पेढे फिरतायत, आणि हा गंभीर चेहऱ्यानं विचारतोय, "हांको वा?"

हांको म्हणजे शिक्का. शिक्का उठल्याशिवाय नाव पक्कं कसं झालं, हा त्याचा प्रश्न.

"आपल्यात धपाटा हाच हांको," मी म्हटलं. त्याला ते लगेच पटलं. ओनो-सानला सांगितलं तर तिलाही पटलं. पाठीत नक्की कुठं मारतात, एवढं तिनं विचारून घेतलं.

*

आता सुलभाकाकूंच्या नातीचं.

आत्या म्हणजे काकूंची लेक शीला, केतकीच्या नवऱ्याची, मंदारची, थोरली बहीण. नाव ठेवायचा मान तिचा. तिनं नाव ठरवलं होतं, पण सांगायला तयार नव्हती. मागं एकदा चुलत जावेच्या बाळाच्या बारशाला हिनं नाव आधीच फोडलं, तर दुसऱ्याच कुणीतरी ते आपल्या मुलाला ठेवून टाकलं. तेव्हापासून तिचा नियम: नाव पहिल्यांदा ऐकणार ते बाळ. स्वतः टोकियोला येणार होती, सगळं जुळलं होतं, आणि नेमकं वादळ आलं. विमानं रद्द. शीला मधल्याच एका विमानतळावर अडकली आणि नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला.

मी म्हटलं, "काकू, 'नाव ठरायचंय' असं लिहूनही नोंद करता येते. नाव मागाहून भरतात."

"माझ्या नातीच्या पहिल्याच कागदावर 'ठरायचंय'?" काकू म्हणाल्या. "अजिबात नाही. आणि शीलाचा मान डावलायचा नाही. एवढी एकच तर भाची आहे तिला."

मंदार म्हणाला, "आई, मग मी काय करू?"

"बाळाला स्वेटर घाल."

अशी आमची वरात वॉर्ड ऑफिसला. केतकीच्या कुशीत बाळ, मंदारच्या हातात फॉर्म, काकूंच्या पिशवीत नारळ. ओनो-सानला सगळं समजावलं. विमानतळावरून आत्या फोनवर येणार, बाळाच्या कानात नाव सांगणार, मग आम्ही लिहिणार. ती म्हणाली, "समजलं. करा."

मंदारनं फोन लावला. शीला फोनवर आली, आणि मंदारचा फोन शेवटचा आचका द्यायला लागला. बॅटरी संपत आलेली, आणि घाईत बाकी कुणी फोन आणलाच नव्हता. चार्जर होता, पण प्लग फक्त काउंटरच्या पलीकडं, ओनो-सानच्या टेबलाखाली.

ओनो-सान म्हणाली, "इथली वीज खासगी कामाला वापरता येत नाही." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण हे जन्मनोंदणीचंच काम आहे."

तिनं फोन चार्जरला लावला. वायर आखूड. फोन काही काउंटरच्या अलीकडं येईना. मग बाळालाच पलीकडं जावं लागलं. केतकीनं तिला दोन्ही हातांनी काउंटरवरून पुढं केलं. ओनो-साननं एका हातावर तिला घेतलं, अगदी सराईतपणे, आणि दुसऱ्या हातानं फोन तिच्या कानाशी धरला. स्वतःचं डोकंही तिच्या डोक्याला टेकवलं, फोन घसरू नये म्हणून.

"कुर्र," आतून आवाज आला. ओनो-सान दचकली, पण हात हलू दिला नाही. शीला पुढं काहीतरी कुजबुजली. बाळानं जांभई दिली. तेवढ्यात तिकडं विमानाची घोषणा झाली, "बोर्डिंग सुरू झालं, निघते!" एवढं ऐकू आलं आणि शीलानं फोन ठेवला.

आम्ही चौघं एकमेकांकडं बघत राहिलो. नाव ठेवलं गेलं होतं आणि आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. मंदारच्या सांगण्यावरून ओनो-सान परत परत फोन लावतेय, तो लागत नाहीये. शीला विमानात बसली असणार.

मी घाबरत घाबरत विचारलं, "ओनो-सान, तुम्हाला ऐकू आलं का?"

"हाय," म्हणजे "हो". तिनं फोन खाली ठेवला, बाळ तसंच हातावर ठेवून पेन उचललं आणि रकान्यात सावकाश लिहिलं. मग आम्हाला खात्री करून घेता यावी म्हणून वर बघून मोठ्यानं वाचलं.

"यमुना."

मंदारनं आईकडं पाहिलं. काकूंच्या हातातली पिशवी खाली गेली. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले, पुसायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ओनो-सान काळजीत पडली. "चुकलं का माझं?"

 मी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

काकू काउंटरवरून वाकल्या, हात लांब केला, आणि ओनो-सानच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

सगळं ऑफिस आमच्याकडं बघायला लागलं. ओनो-साननं बाळ नीट सावरलं, चष्मा वर सरकवला, ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि तितक्याच जोरात फॉर्मवर उठवला.